वाईट स्वप्नातून दचकून जाग आली तर: रात्री काय करायचं, दिवसा काय करायचं

वाईट स्वप्नाने जाग आल्यावर बहुतेक लोक एकच गोष्ट करतात. पांघरूण डोक्यावर ओढतात, डोळे मिटतात आणि जे दिसलं ते पहिल्यापासून आठवत पडून राहतात. त्यात दुहेरी नुकसान होतं. एरवी थोड्या वेळात विरून गेलं असतं ते स्वप्न पाठ होऊन बसतं. आणि अर्धवट जागेपणी पुन्हा डोळा लागला तर अनेकदा तेच स्वप्न पुढे सुरू होतं. म्हणून रात्री फक्त शरीर शांत करायचं, स्वप्नाच्या अर्थाच्या वाटेला जायचं नाही. तेच स्वप्न वारंवार पडत असेल तर त्याला हात घालायचा, पण दिवसा आणि कागद-पेन घेऊन.

आधी शरीरात काय चाललेलं असतं ते

झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि फेरीच्या शेवटाकडे रेम झोप येते. या अवस्थेत बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलत असतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली तिची नोंद प्रसिद्ध केली. पहिल्या फेरीत ती जेमतेम दहा मिनिटं टिकते, पहाटेच्या फेऱ्यांमध्ये अर्ध्या तासाच्या आसपास जाते. लांबलचक, ठसठशीत स्वप्नं बहुतेक इथलीच. पहाटेचं स्वप्न खरं होतं अशी आपल्याकडे समजूत आहे. खरं होत नाही. मात्र पहाटे स्वप्नांचा काळ लांब असतो आणि त्यातून थेट जाग येते, त्यामुळे ते लख्ख आठवतं.

रेम झोपेत भीतीची सूत्रं सांभाळणारा अमिग्डाला हा मेंदूचा भाग जोरात चालू असतो, तर कपाळामागचा, शहानिशा करणारा भाग मंदावलेला असतो. जाग आली की धडधड आणि घाम काही मिनिटांत ओसरू लागतो, पण शहानिशा करणारा भाग पूर्ण ताळ्यावर यायला पंधरा मिनिटं, कधी अर्धा तासही लागतो. ‘ही काहीतरी सूचना आहे’ असं वाटण्याचा काळ नेमका तोच. तेव्हा कोणताही निर्णय घेऊ नये आणि लगेच गाडीही चालवू नये.

पहिली दहा मिनिटं

उठून बसा. पाय खाली सोडून तळवे लादीला टेकवा. गादी जमिनीवर असेल तर पाठ भिंतीला टेकवून बसा. मंद, पिवळसर दिवा लावा; ट्यूबलाइट नको. डोळे उघडे ठेवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं पुटपुटत घ्या: खिडकी, टेबल, पंखा, दोरीवरचा टॉवेल, कोपऱ्यातली बादली. मग तीन आवाज ओळखा. शेवटी आजचा वार, आपण कुठे आहोत आणि सकाळी पहिलं काम काय, एवढं स्वतःला सांगा. पोरकट वाटलं तरी यात अर्थ आहे. नावं घेताना लक्ष आतल्या चित्रावरून बाहेरच्या खोलीवर येतं. ‘काही नाही, स्वप्न होतं’ असं दहा वेळा घोकल्याने तसं होत नाही, कारण त्या प्रत्येक वाक्यात स्वप्न असतंच.

आता श्वास. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात; पाच मिनिटं, म्हणजे तीसेक श्वास पुरे. लांबवायचा तो उच्छ्वास, कारण हृदयाची गती श्वास सोडताना उतरते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे छाती भरभरून मोठे श्वास घेत राहणं. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं आता हार्ट अटॅकच येणार. श्वास हळू हवा, मोठा नको. नाक चोंदलेलं असेल तर तीन-पाच असं मोजा. मोजणं जमत नसेल तर पाठ असलेलं एखादं स्तोत्र किंवा अभंग संथ चालीत म्हणा. ओळ संपेपर्यंत श्वास सोडत राहावा लागतो, त्यामुळे काम तेच होतं.

घामाने भिजलेला बनियन किंवा गाऊन बदला. ओल्या कपड्यावर पंख्याचा वारा लागला की अंग शहारतं, आणि ते शहारणं भीतीचंच वाटत राहतं. पाणी अर्धा पेला प्या, तांब्याभर नको, नाहीतर तासाभराने पुन्हा उठावं लागेल. लघवीला जाऊन या. चोराचं किंवा घरात कोणी शिरल्याचं स्वप्न असेल तर दाराची कडी बघायला हरकत नाही, पण एकदाच. दुसऱ्यांदा बघितलीत की मनाला कळतं की पहिल्या बघण्यावर तुमचा विश्वास नव्हता, आणि मग तिसरी फेरी ठरलेली.

मोबाइलला हात लावू नका. प्रकाशाचा त्रास आहेच, पण मोठा त्रास असा की बोट आपोआप ‘स्वप्नात दात पडणे अर्थ’ असं टाइप करतं. त्यावर जे समोर येतं ते वाचून आजवर कोणाला झोप लागलेली नाही. घड्याळही बघू नका. किती वाजले हे कळलं की किती तास उरले याचं गणित सुरू होतं.

जवळचं माणूस गेल्याचं स्वप्न सर्वांत वाईट, आणि त्यानंतर फोन लावावासा वाटतोच. इथे एक नियम ठेवा: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत फोन नाही. रात्री तीनला वाजलेला फोन म्हातारे आई-वडील ज्या धसक्याने उचलतात तो धसका तुमच्या स्वप्नाहून कितीतरी जास्त खरा असतो. न्यू जर्सीत राहणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे पहाटेचे तीन म्हणजे इथे दुपारचे साडेबारा किंवा दीड, त्यामुळे फोन सहज लागतो. लावायचा तर अर्ध्या तासाने लावा, जेवण झालं का विचारा, आणि स्वप्न सांगू नका. ऐकणाऱ्याला त्याचा काहीच उपयोग नसतो.

पुन्हा झोपताना

धडधड थांबली, जांभई आली, की कूस बदलून आडवं व्हा. पाठीवर झोपू नका. का, ते पुढे येईल. आता मनाला असं काम द्या ज्यात थोडं डोकं आणि थोडं चित्र लागेल, पण भावना लागणार नाही. एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणा. मुंबईकरांनी विरारहून चर्चगेटकडे एकेक स्टेशन घ्यावं आणि प्रत्येक ठिकाणी पूल कुठे उतरतो ते आठवावं. डोक्याची तात्पुरती पाटी लहान असते. ती अशा कामाने भरली की भयानक दृश्याला तिथे ठळक राहता येत नाही. मेंढ्या मोजणं फार सोपं पडतं, म्हणून ते टिकत नाही.

अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडा. दुसऱ्या खोलीत नाहीतर खुर्चीत बसा, मंद उजेडात जुनं मासिक चाळा, कपड्यांच्या घड्या घाला. चहा नको, शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच पाच-एक तास लागतात. पेंग आली की परत जा. जागं राहून अंथरुणात तळमळण्याची सवय झाली की काही दिवसांनी अंथरूण दिसताच जाग येऊ लागते, आणि ते दुखणं स्वप्नापेक्षा चिवट. गजर व्हायला तासभरच उरला असेल तर सरळ उठा. एका रात्रीची अपुरी झोप माणूस निभावून नेतो. मात्र दुपारी दोन तास ताणून देऊ नका.

शेजारी झोपलेल्याने

माणूस कण्हत असेल तर नावाने हाक मारा, मग खांद्याला हलका स्पर्श करा. गदागदा हलवू नका. जाग आल्यावर ‘काय दिसलं?’ हा पहिला प्रश्न नको. ‘मी इथे आहे, पाणी देऊ?’ एवढं बस. सांगावंसं वाटलं तर तो माणूस आपणहून सांगेल. तेव्हा ऐकून घ्या, अर्थ लावू नका.

हे खरंच वाईट स्वप्न होतं का?

रात्री घाबरून उठवणाऱ्या गोष्टी निदान पाच-सहा आहेत, आणि प्रत्येकीचा इलाज निराळा. सगळ्यांना ‘स्वप्न’ म्हणून टाकल्याने वर्षं वाया जातात.

जाग आहे, डोळे उघडे आहेत, पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर कोणीतरी बसलंय किंवा खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटतं: ही झोपेतली जखडण. रेम झोपेत स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात होऊ नयेत म्हणून मेंदू स्नायू बंद ठेवतो. कधी जाग आधी येते आणि ते कुलूप मागून उघडतं, आणि स्वप्नाचे तुकडे उघड्या डोळ्यांसमोरच्या खोलीत मिसळतात. हे काही सेकंद, फार तर एक-दोन मिनिटं चालतं. उठून बसण्याची झटापट करू नका, त्याने घबराट वाढते. पायाचा अंगठा हलवण्याचा किंवा जीभ टाळूला लावण्याचा प्रयत्न करा. श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे श्वासपटल, बंद पडलेला नसतो, त्यामुळे गुदमरल्यासारखं वाटलं तरी श्वास चालू असतो. त्याच्याकडे लक्ष द्या. जागरण, पाळ्या बदलणारी नोकरी आणि उताणं झोपणं यांनी हे वाढतं. कूस धरून झोपणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

झोपल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळत उठतं, डोळे उघडे, घामाघूम, पण आईला ओळखत नाही आणि सकाळी काहीच आठवत नाही: हा रात्रीचा भयझटका. तो गाढ झोपेतून येतो, रेममधून नाही, आणि त्यात सांगण्यासारखं स्वप्न सहसा नसतं. अशा मुलाला जागं करायचा प्रयत्न करू नका, गोंधळ वाढतो. पडणार-धडकणार नाही एवढं बघा. काही मिनिटांत ते आपोआप झोपतं. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्या वेळेच्या १५ ते ३० मिनिटं आधी हळूच जागं करून पुन्हा झोपवा. दोन ते चार आठवडे असं केल्यावर बरेचदा फेरा तुटतो.

पन्नाशीनंतरचा माणूस, विशेषतः पुरुष, झोपेत लाथा झाडतो, ओरडतो, स्वप्नातल्या मारामारीचे ठोसे शेजारी बसतात: हे गमतीवारी नेऊ नका. इथे स्नायू बंद ठेवणारं कुलूपच ढिलं झालेलं असतं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ मध्ये या विकाराचं वर्णन केलं, आणि पुढे दिसून आलं की यातल्या बऱ्याच रुग्णांना काही वर्षांनी पार्किन्सन किंवा तत्सम आजार होतो. न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. तोवर उशाजवळचा काचेचा पेला आणि टोकदार टेबल हलवा, गादी खाली घ्या, जोडीदाराने वेगळं झोपावं, आणि हाक मारायची ती दुरून.

बुडण्याची किंवा गळा दाबल्याची स्वप्नं, मोठं घोरणं, सकाळी कोरडं तोंड आणि डोकेदुखी हे एकत्र आलं तर झोपेत श्वास अडकत असण्याची शंका घ्या आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करून घ्या. स्वप्न काहीच आठवत नाही, पण एकदम छाती धडधडून आणि जीव घाबरून जाग येते, तर तो पॅनिक अटॅक असू शकतो. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर मात्र श्वास मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

सकाळी कारण शोधा

मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे खरंच. पण पोटात गेलेलंही दिसतं. एखाद्या रात्री ताप होता, उशिरा तिखट जेवण झालं, आम्लपित्ताने जळजळ झाली, सलग दोन-तीन जागरणं झाली, तर एवढं कारण पुरतं. दारू पहिल्या अर्ध्या रात्रीत रेम झोप दाबते आणि उत्तररात्री ती उसळून येते, म्हणून ‘झोप यावी म्हणून’ घेतलेल्या पेगनंतर पहाटेची स्वप्नं विचित्र असतात. दारू, गांजा किंवा झोपेची गोळी एकदम सोडल्यावरही हाच प्रकार, काही दिवस ते काही आठवडे.

औषधांची पिशवी उघडून बघाच. रक्तदाब, धडधड किंवा मायग्रेनसाठीचे प्रोप्रॅनोलॉल आणि मेटोप्रोलॉल, नैराश्यावरच्या अनेक गोळ्या, स्मृतिभ्रंशासाठीचं डोनेपेझिल, पार्किन्सनसाठीचं लेव्होडोपा यांनी स्वप्नं ठळक आणि वाईट होऊ शकतात. आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतं ते मॉन्टेलुकास्ट. सर्दी-ॲलर्जीच्या गोळीत ते लेव्होसेट्रिझिनसोबत सर्रास येतं आणि मुलांनाही दिलं जातं. मनावर होणाऱ्या त्याच्या दुष्परिणामांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० मध्ये सर्वांत कडक प्रकारचा इशारा दिला. वाईट स्वप्नं त्या यादीत आहेत. गोळी सुरू केल्याची किंवा डोस वाढवल्याची तारीख आणि स्वप्नं सुरू झाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहा. जुळली तर डॉक्टरांना विचारा: ही सकाळी घेता येईल का, बदलता येईल का? आपल्या मनाने बंद करू नका. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवले तर रक्तदाब उसळू शकतो, क्लोनाझेपामसारखी घबराटीवरची किंवा झोपेची गोळी अचानक सोडली तर फिटही येऊ शकते.

तेच तेच स्वप्न पडत असेल तर ते बदलून लिहा

हा भाग सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला. बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचारानंतर वाईट स्वप्नांनी पछाडलेल्या १६८ स्त्रियांवर या पद्धतीची चाचणी घेतली; २००१ मध्ये ती ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ही पद्धत शिकलेल्या गटाची स्वप्नं कमी झाली, झोपही सुधारली. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ च्या निवेदनात वाईट स्वप्नांसाठी हिचीच शिफारस केली आहे.

सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नाने करू नका. मधलं, दहापैकी चार-पाच गुण त्रास देणारं निवडा. दिवसाउजेडी, अंथरुणापासून दूर बसून ते एकदाच थोडक्यात लिहा. समजा स्वप्न असं: इमारतीच्या जिन्यात कोणीतरी मागे लागलंय, तुम्ही वर पळताय, घराचं दार उघडत नाही. आता प्रसंग चिघळण्याच्या आधीची जागा शोधा आणि तिथून गोष्ट हवी तशी वळवा. पाठलाग करणाऱ्याला मारणं, जिंकणं, उडणं असं काही लागत नाही. उलट मारामारीने नवी गोष्टही तणावाचीच होते. दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडं आहे, आत कुकरची शिट्टी होतेय, शेजारच्या काकू म्हणतात, ‘अगं, ये, चहा टाकलाय.’ मागचा माणूस इस्त्रीचे कपडे द्यायला आलेला निघतो. तुम्हाला सुचेल तेच बरोबर. दुसऱ्याने सुचवलेलं वळण लागू पडत नाही. नवी गोष्ट वर्तमानकाळात, पानभर, वास-आवाज-स्पर्शासकट लिहा.

मग रोज १० ते २० मिनिटं, दुपारी किंवा संध्याकाळी, डोळे मिटून फक्त नवी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर चालवा. जुनी पुन्हा वाचायची नाही. वाटल्यास तो कागद फाडून टाका. आठवड्याला एक, फार तर दोन स्वप्नं घ्या. तीन दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका, फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. फरक पडतो तोही बहुधा वेगळ्याच रीतीने. लिहिलेली गोष्ट स्वप्नात जशीच्या तशी येत नाही. जुनं स्वप्न मध्येच तुटतं, फिकं होतं किंवा नुसतंच येईनासं होतं. चित्र डोळ्यांसमोर धरवत नसेल तर आधी आठवडाभर नुसती सुखाची ओळखीची जागा रोज पाच मिनिटं बघायचा सराव करा. अपघात, अत्याचार किंवा युद्ध अनुभवलेल्यांनी हे एकट्याने करू नये. लिहिताना थरकाप सुटला, तो प्रसंग पुन्हा घडतोय असं वाटलं, तर थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञासोबत करा.

लहान मुलांसाठी याचंच सोपं रूप आहे. रात्री जवळ घ्या, दिवा लावा, मुलाच्या अंथरुणातच शेजारी बसा. पलंगाखाली वाकून ‘बघ, भूत गेलं’ असं म्हणणं टाळा, कारण त्यातून मूल एवढंच शिकतं की भूत होतं. आजीला मीठ-मोहरीने दृष्ट काढायची असेल तर काढू दे, पण सकाळी. पहाटे तीनला अख्खं घर उठलं की काहीतरी मोठं झालंय याची मुलाला खात्रीच पटते. दुसऱ्या दिवशी स्वप्नाचं चित्र काढायला सांगा आणि त्यात हवा तो बदल त्याच्याच हाताने करू द्या. राक्षसाला फ्रॉक घालणारी मुलं या कामात मोठ्यांपेक्षा हुशार असतात.

डॉक्टरकडे कधी

आठवड्यातून एकदा किंवा जास्त वेळा, महिनाभर हे चालू असेल, झोपायचीच भीती वाटून रात्र लांबवली जात असेल किंवा दिवसा कामावर लक्ष लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा झोपेच्या विकारांचे डॉक्टर गाठा. वारंवार वाईट स्वप्नं पडणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे विचार जास्त आढळतात. तसा विचार एकदाही मनात आला तर वाट बघू नका: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तातडी असेल तर ११२.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या. झोपल्याची अंदाजे वेळ, जाग पूर्वरात्री की पहाटे, स्वप्न आठवतं का, अंग हलत होतं का, घोरणं, त्या दिवशीची दारू आणि औषधं एवढं पुरे. स्वप्नाची आख्खी कहाणी लिहायची गरज नाही, एक ओळ बस. शेजारी झोपणाऱ्याला सोबत न्या, नाहीतर लाथा आणि घोरणं याचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.